व्हिटकॉमच्या वहीतली चार पानं

अपर्णा मेश्राम नागपूरहून न्यू जर्सीला शिकायला आली आणि पिस्कॅटवेजवळच्या एका छोट्या इतिहास संस्थेत जुने कागद सांभाळायच्या नोकरीला लागली. पहिलं मोठं काम मिळालं ते एलियास व्हिटकॉमच्या कागदांचं. दीडशे वर्षांपूर्वी हा एका रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता. सोळाव्या वर्षी तारबाबू, तिशीत विभागप्रमुख, चाळिशीत अध्यक्ष. १८७३ साली त्याच्या मार्गावरचा पूल कोसळून अकरा मजूर दगावले. पुलाचा राखणदार कीली दारू पिऊन झोपला होता, असा ठपका व्हिटकॉमने ठेवला.

अपर्णाला ते पटेना. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते, रूळ तपासायचे. अपघातानंतर पहिलं नाव कोणाचं येतं, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं.

व्हिटकॉम पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत ठेवायचा. सूचीत ‘राखणदार, पान २१२ ते २१५’ अशी नोंद होती, पण ती पानंच नव्हती. शिवणीजवळ ब्लेडने कापलेली.

कागद देणगी म्हणून दिले होते त्याच्या खापरपणतीने, ऐंशीच्या मार्गरेटबाईंनी. त्या दर मंगळवारी मदतीला म्हणून येऊन बसत. अपर्णा त्या यायच्या आधी पानं मोजायची, गेल्यावर पुन्हा मोजायची.

“एकटी आहे यार, बोलायला येत असेल,” तिचा नवरा प्रितम म्हणाला.

“बोलायला येणारा तोंडाकडे बघतो. ही माझ्या हातांकडे बघते.”

शेवटी तिने बाईंना सरळ विचारलं. आपल्या वडिलांनी पानं कापून जाळली, आपण तेव्हा नऊ वर्षांच्या होतो, असं त्यांनी सांगितलं. अपर्णाने अर्धंच खरं मानलं.

मग तिने जुन्या वर्तमानपत्रांवरून संस्थेच्या प्रदर्शनासाठी या अपघाताचा फलक लिहिला. मार्गरेटबाईंनी तो वाचला आणि राखणदाराच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर बोट ठेवलं.

“हे चुकलंय. दोन ई नाहीत, आय आणि ई.”

वर्तमानपत्रांत सगळीकडे दोन ईच होते. वेगळं स्पेलिंग असलंच तर ते त्या कापलेल्या पानांत असणार.

“तुम्हाला कसं माहीत?” अपर्णाने विचारलं.

बाई पर्स उचलून घरी निघाल्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी एक पाकीट आणलं. त्यात ती चारही पानं होती. पुलाच्या खांबाचा चुना वाहून जातोय, असं कीलीने तीनदा कळवलं होतं, हे त्यात व्हिटकॉमनेच लिहिलं होतं. गाड्या चालूच राहतील, पुन्हा लिहू नकोस, असं व्हिटकॉमचं उत्तर होतं.

इतके महिने का दिली नाहीत, असं अपर्णाने विचारलं.

“कोणी खरंच शोधतंय का, ते बघत होते,” बाई म्हणाल्या.

फलक बदलला. कीलीचं नाव नीट लिहिलं गेलं आणि ठपक्याखाली व्हिटकॉमचं उत्तर लागलं. अपर्णाला समाधान वाटलं, पण पुरतं नाही. पान २१४चा खालचा अर्धा भाग फाटलेला होता. तो पहिल्यापासूनच तसा होता, असं बाई म्हणाल्या. अपर्णाने नोंद केली: ‘अर्धा भाग नाही. कारण देणगीदाराने सांगितलेलं, पडताळलेलं नाही.’