शेळीच्या तोंडचा कंदील

आमच्या नगरच्या कॅमेरा क्लबात अंबिकाताईंइतकं हौशी माणूस दुसरं नाही. पतपेढीतून निवृत्त झाल्या आणि लगेच त्यांनी कॅमेरा घेतला. तेव्हापासून माळावरच्या कुसळांत पालथ्या पडून त्या रानफुलं टिपतात. पण मनासारखं फूल दिसलं की बाईंना इतकं हसू फुटतं की फोटो हललाच म्हणून समजा. त्यामुळे वार्षिक प्रदर्शनात त्यांचा एकही फोटो कधी लागला नव्हता. यंदा मात्र त्यांनी जाहीरच केलं, "कंदीलपुष्प सापडू दे, मग भिंतीवर माझं नाव लागतंय की नाही बघा!"

कंदीलपुष्प म्हणजे कोरड्या माळावरच्या एका वेलीचं, बोटाच्या पेराएवढं, हुबेहूब कंदिलासारखं फूल. सुनील हा आमचा कर्जतकडचा सभासद. त्याच्या रानाशेजारी ही फुलं आल्याचा निरोप आला आणि रविवारी आमची जीप भरली. वाटभर ताई गात होत्या. सूर नगरलाच राहिला होता, पण कुणाची काही तक्रार नव्हती.

पोचलो तर माळ लख्ख साफ! सुनीलची आई चांगुणाबाई पदर खोचून, हातात विळा घेऊन हसत उभी.

"या, या! पाव्हनं येनार म्हनून सकाळधरनं समदं गवात काढलं. बसाया-उठाया जागा नको व्हय?"

"आये, आन् त्या फुलांच्या येली?" सुनीलला घामच फुटला.

"त्या व्हय? टाकल्या की शेळीम्होरं."

आम्ही कपाळावर हात मारून घेतला. ताईंचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात त्यांना बाभळीखालची शेळी दिसली. तिच्या ओठांतून वेलीचा शेंडा लोंबत होता आणि त्याला एक कंदील, अगदी शाबूत!

"धरा तिला!" ताई ओरडल्या. शेळी उधळली. तिच्यामागे ताई, ताईंमागे चांगुणाबाई. "अवो ताई, ढुसनी देती ती!" बांधाला अडखळून ताई आडव्या झाल्या. हे काय पडलं म्हणून शेळी थांबून वळली. ताईंनी पडल्यापडल्या श्वास रोखून बटण दाबलं. पुढच्या घासाला कंदील गडप.

निवडीच्या वेळी वाद झाला. फूल जिथं असेल तिथंच टिपायचं, मुद्दाम हलवायचं नाही, असा नियम आहे. मी क्लबची सेक्रेटरी. म्हटलं, "ताईंनी कुठं हलवलं? त्यांना दिसलं तेव्हा ते शेळीच्या तोंडातच होतं." परीक्षकांना हसू आवरेना. फोटो लागला.

प्रदर्शनात लोक त्या फोटोपुढे पोट धरून हसत होते. गर्दी ओसरल्यावर ताईंनी गुडघे टेकले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटोखालच्या पट्टीवरचं स्वतःचं नाव टिपलं. मग मला दाखवत म्हणाल्या, "बघ गं, नीट वाचता येतंय ना?"

मला चटकन वाचता येईना. माझे डोळे भरून आले होते, आणि मेली मी हसतही होते.