मावशींचा चेअरमन

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिंपणमावशींची आठवण निघाली की मी त्यांचे विनोद सांगून थांबायचो.

भिंतीला भेग दिसली की मावशींचे हात शिवशिवायचे. टँकरच्या पाण्यावर जगायचे दिवस होते, तरी भांडी विसळलेल्या पाण्यात माती कालवून त्या शेजाऱ्यांच्या भिंतीसुद्धा लिंपत. भेगांत बारीक वाळूमाशी दडते, हे त्यांनी नुसतं बघून ओळखलं होतं. म्हणायच्या, "डास गात येतो. ही मुकी. लई लबाड हाय."

त्यांच्या कुत्र्याचं नाव चेअरमन. "असं नाव का?" मी एकदा विचारलं. "समदी राबत्यात, ह्यो बसून बघतो!" आमच्या दूध संस्थेचे खरे चेअरमन समोर असले तरी त्या खुशाल ओरडत, "चेअरमन, उकिरड्यातून भाईर ये!" लोक हसत. मी संस्थेचा सेक्रेटरी, मला तेवढंही जमत नसे.

संस्थेनं जनावरांची छावणी उघडली, त्या उन्हाळ्यात कुत्र्याच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले, अंगावर जखमा झाल्या, नखं वेडीवाकडी वाढली. गेवराईकडून येणाऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला नेलं. पुढच्या फेरीला ते मला म्हणाले, "वाळूमाशीनं होणारा आजार आहे, आपल्याकडे क्वचितच दिसतो. शिवल्यानं किंवा दुधातून पसरत नाही. लोकांना सांगा."

त्याच दुपारी बैठक होती. चेअरमन कडाडले, "बाई, कुत्रं हाकला, न्हाईतर तुमच्या म्हशी छावणीतून न्या. समद्यांचं दूध नासंल." मला सगळं ठाऊक होतं. पण त्यांचं बोलणं खोडलं तर नोकरी जाईल, या भीतीनं मी कागद चाळत राहिलो.

मावशी उठल्या. "म्हशीला कुनीबी घेईल. ह्याला कोन घेईल?"

दोन्ही म्हशी विकून, कुत्र्याला घेऊन त्या नांदूरघाटला लेकीकडे गेल्या.

पाच-सहा वर्षांनी मी माफी मागायला गेलो. मावशी मजेत होत्या, कोपरापर्यंत मातीनं माखलेल्या. "या सेक्रेटरी, भाकर खावा." ठेचा वाढत सांगू लागल्या, "औषदानं दोन वरसं चांगला जगला बगा. शेजारची पोरंबी चेअरमनसाब म्हनायची त्याला."

मी घास खाली ठेवला. "मावशी, त्या दिवशी बैठकीत..."

"ऱ्हाऊ द्या. डागदरानं तुमाला सांगितलं असतं, तर तुमी गप बसला नसता. मला ठाव हाय."

मी "हो" म्हणालो आणि भाकरी संपवली.