ट्रकचं घरपोच लायसन

क्लच जळाल्याचा वास आला की मला बघायला आलेला पहिला मुलगा आठवतो आणि आजही माझं डोकं फिरतं. राणीसावरगावच्या आमच्या अंगणात पोहे खाऊन होताच त्याच्या मामानं त्याचं ट्रकचं लायसन माझ्या वडिलांच्या हातात ठेवलं, जणू डिग्रीच. वडिलांची सगळी हयात ट्रकवर गेलेली. लायसन परराज्यातलं पाहून त्यांनी विचारलं, “परीक्षा तिकडं जाऊन दिली का?” मुलगा मामाकडं बघायला लागला. मामा हसले, “आजकाल कोन जातंय, पाव्हणं? एजंटनं घरपोच आणून दिलं.” वडील हसले नाहीत. आमचा ट्रक अंगणाकडं तोंड करून उभा होता. त्यांनी किल्ली पुढं केली, “जरा मागं घेऊन दाखवा.” मुलगा वर चढला. इंजिन नुसतं बोंबललं, जळका धूर अंगणभर पसरला, आणि मागं जायचा ट्रक हिसका देऊन पुढं आला. मामांनी उडी मारली म्हणून वाचले. त्यांच्या खुर्चीचा मात्र भुगा झाला. धोतरावरची धूळ झटकत तेच मामा म्हणाले, “सवय न्हाई पोराला. पर लायसन तर हाय ना!” “पोरगी तर न्हाईच देणार,” वडील ओरडले, “आन् याला कुनी ट्रकबी देऊ नका!” पोरगी त्याला दुसऱ्या गावात लगेच मिळाली, पुढं ट्रकही मिळाला. आता गंगाखेडच्या रोडनं पायी जाताना मागून ट्रकचा हॉर्न वाजला की मी लेकराचा हात धरते आणि थेट काट्यांत उतरते.