फाबिओला गैरहजर आहे

सातवी ‘ब’च्या हजेरीपटावर फाबिओला आडनावाची एक मुलगी होती. मंगळवारी आणि गुरुवारी ती कधीच शाळेत यायची नाही. आणि त्याच वर्गात, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर, रोज न चुकता एक मुलगी बसलेली असायची. बारीक वेण्या घालून घट्ट मागे बांधलेले केस, वहीचं एक पान दुमडलेलं नाही, पेन्सिलीला टोक काढलेलं. तिचं नाव इस्लांद. दोघी एकच होत्या. हे वर्गातल्या चौतीस जणांना ठाऊक होतं, दारावरच्या रखवालदाराला ठाऊक होतं आणि हजेरी घेणाऱ्या लेइवा सरांना तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. भांडण तेवढ्यावरूनच होतं.

इस्लांद फाबिओला दोर्सेउस. हैतीहून चिलीला आली तेव्हा अकरा वर्षांची होती. पहिली दोन वर्षं दुसऱ्या वस्तीत गेली, मग बापाला किलिकुरा या उपनगरात बांधकामावर सळया बांधायचं काम लागलं, घर बदललं, म्हणून शाळाही बदलली. मार्चमध्ये आई सेलियान तिला घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. आत बसलेल्या कारकून बाईंपुढे छापील अर्ज होता आणि त्यात तीन चौकोन होते: नाव, वडिलांचं आडनाव, आईचं आडनाव. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मागून आईचं. हैतीत एकच असतं. पण बाईंना काय, चौकोन तीन होते आणि पासपोर्टावर शब्दही तीन होते. एकेक शब्द एकेका चौकोनात बसला, कसा अगदी मापाचा. सेलियानने हसून सही केली. तिला तेव्हा स्पॅनिश बोललेलं निम्मं समजायचं, लिहिलेलं तेवढंही नाही.

अशी इस्लांद कुणा फाबिओला नावाच्या माणसाची मुलगी झाली. फाबिओला म्हणजे खरं तर तिची मावशी, हैतीत गोनाइव्हच्या बाजारात कापड विकणारी, जिच्या नावावरून पोरीचं मधलं नाव ठेवलं होतं.

पहिला महिनाभर पोरीने मनावर घेतलं नाही. इथे हजेरी आडनावाने घेतात. सर “फाबिओला दोर्सेउस” म्हणाले की ती “हजर” म्हणायची आणि वही उघडायची. कागदवाले लोक घोळ घालतातच, हे तिला प्रवासात पुष्कळ कळलेलं होतं.

मग एप्रिलमध्ये तिला ताप आला.

अकराच्या सुमाराला तिचे दात वाजायला लागले. शाळेने घरी फोन केला. सेलियान शहरात एका कार्यालयात फरशा पुसायला गेली होती, तिला यायला दोन बस लागल्या असत्या. बाप जवळ होता. विल्नेर दोर्सेउस हातातलं काम टाकून, डोक्यावर पिवळं हेल्मेट तसंच ठेवून धावत आला. फाटकावर एलिसेओकाका होते. म्हातारा सज्जन, दिवसभर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसणारा. नियमाला मात्र पक्का. त्यांनी यादी काढली, बोट फिरवलं आणि विचारलं, आपलं आडनाव? दोर्सेउस. मुलीच्या बापाचं तर फाबिओला दिसतंय. दोर्सेउस आईकडचं. म्हणजे तुम्ही मामा का?

आईबापांखेरीज कुणाच्या हाती मूल द्यायचं नाही, असा नियम होता. चांगलाच नियम आहे तो. विल्नेरने ओळखपत्र दाखवलं, मोडक्या स्पॅनिशमध्ये समजावलं, पोरीचा फोटो दाखवला. काका हळहळले, पण यादीत होतं ते होतं. सेलियान येईपर्यंत दीड तास तो गजांबाहेर उभा राहिला. इस्लांद आजारी मुलांच्या खोलीत बाकावर पडली होती, आणि तिथल्या खिडकीतून तिला फाटकावरून डोकावणारं ते पिवळं हेल्मेट दिसत होतं. हेल्मेट जागचं हललं नाही.

घरी जाताना बापाने तिला पाठीवर घेतलं. म्हणाला, “आज मी तुझा मामा झालो बघ.” आणि हसला. त्या दिवशी तो एकदाच हसला. नंतर घरात कुणी तो विषय काढला की उठून नळाखाली हात धुवायला लागायचा.

ताप उतरला. पुढच्या मंगळवारी लेइवा सरांनी हजेरी घेतली. फाबिओला दोर्सेउस. तिसऱ्या बाकावरून उत्तर आलं नाही.

लेइवा सर गणिताचे. तीस वर्षांची नोकरी, पांढऱ्या मिशा, फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मंगळवार-गुरुवारचा पहिला तास त्यांचा, आणि पहिल्या तासाची हजेरी तीच दिवसाची हजेरी. त्यांनी नाव पुन्हा उच्चारलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आली नाही वाटतं आज.” लाल ठिपका दिला. वर्ग हसला. त्यांना वाटलं, पोरगी दोन दिवसांत वठणीवर येईल. तिला वाटलं, सर दोन दिवसांत कंटाळतील. दोघांनीही एकमेकांना ओळखलं नव्हतं.

बाकीचे शिक्षक तिला सरळ इस्लांद म्हणून हाक मारायचे, ती हजर म्हणायची. लेइवा सरांच्या तासाला मात्र लाल ठिपका ठरलेला. गंमत अशी की ठिपका देऊन झाला की सर त्याच गैरहजर मुलीला फळ्यावर बोलवायचे, अवघडातलं अवघड समीकरण सोडवायला लावायचे आणि सातपैकी साडेसहा गुण द्यायचे. हिशेब बरोबर असला की गुण कापायचा माणूस नव्हता तो. हट्टी होता, एवढंच.

शेजारी बसायची यानारा वेन्चुयान. मापुचे या इथल्या मूळ रहिवाशांच्या घरातली, तोंडाने फटकळ. तिला पहिल्या तासाला भूक लागलेली असायची आणि हजेरी लांबली की ती वैतागायची. एकदा म्हणाली, “म्हणून टाक ना गं बाई हजर. माझं आडनाव ते पहिलीपासून वाकडंतिकडं म्हणतायत. मी मेले का?”

“वाकडं म्हणतात, पण तुझ्या बापाचंच म्हणतात,” इस्लांद म्हणाली.

यानाराने यावर जरा विचार केला आणि डब्यातला निम्मा पाव तिच्यापुढे सरकवला. तेव्हापासून सरांनी लाल पेन उचललं की यानारा मोठ्याने खोकायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

घरी सेलियान मात्र घाबरलेली. परक्या मुलखात डोकं खाली घालून राहावं, शिक्षकाशी वाकडं घेऊ नये, एका शब्दाने तुझं काय झिजतं, असं ती रोज संध्याकाळी केळी तळता तळता बोलायची. पोरगी ऐकून घ्यायची, ताटं मांडायची, आणि मंगळवारी पुन्हा तेच. बाप या बोलण्यात कधी पडला नाही. फक्त एकदा, आई फार बोलायला लागली तेव्हा, त्याने आपल्या ताटातलं मोठं केळं उचलून पोरीच्या ताटात ठेवलं.

इथला जून ते ऑगस्टचा हिवाळा सरला. ऑक्टोबरात शाळेतून पत्र आलं. तापाचे तीन दिवस सोडून एकेचाळीस गैरहजेऱ्या. शंभरात पंच्याऐंशी दिवस हजेरी भरली नाही तर वर्ष पुन्हा करायचं, असा कायदा आहे. म्हणजे गणितात साडेसहा मिळवणारी मुलगी सातवीतच बसणार. पालकांनी गुरुवारी सकाळी येऊन सही करावी.

सेलियानने पत्र शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग खुर्चीत बसली. ओरडली नाही. त्याचीच पोरीला जास्त भीती वाटली. त्या रात्री इस्लांदने पहिल्यांदा मनाशी कबूल केलं की आपण हरू शकतो. वर्गातली सगळी पुढे जातील, यानारासुद्धा, आणि आपण खालून आलेल्या लहान पोरांत वर्षभर बसू. आणि हजेरीपटावर तिथेही फाबिओलाच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गात न जाता शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. इथे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना मुलं मावशी म्हणतात. नोल्फामावशी सकाळी पाव-दूध वाढायची आणि दुपारी मसूर नाहीतर पावट्याचं कालवण. इस्लांदला दूध पचायचं नाही. अशा मुलांसाठी दुधाऐवजी चहा, आणि चहा दिला की वेगळ्या वहीत रोजची खूण, असा नियम होता. सातवी ‘ब’मध्ये तशी ही एकटीच. मार्चपासून सकाळी पावणेआठला ती त्या खिडकीशी उभी राहायची आणि मावशी म्हणायची, आली माझी चहावाली.

इस्लांदने तिला विचारलं, तुमच्या वहीत मी किती दिवस आले नाही?

मावशीने हात पुसले, खिळ्यावरची वही काढली. वहीला तेलाचे डाग होते आणि वर रबरबँड. पहिल्याच पानावर नाव होतं: इसलान दोर्सेयुस. स्पेलिंग साफ चुकलेलं, पण नाव तिचंच. तोंडाने सांगितलं तसं मावशीने कानाने लिहिलेलं. मावशी पानं उलटत गेली.

“एप्रिलात तीन दिवस नाहीस. तापाच्या दिवशी चहा घेतलास, त्यानंतरचे तीन. बाकी चहा, चहा, चहा. मुसळधार पावसात मास्तर आले नव्हते, त्या दिवशीही चहा.” मग तिने वर पाहिलं. “का गं, कोण म्हणतं तू येत नाहीस?”

गुरुवारी कचेरीत रोसाल्बा ओयार्सून बसल्या होत्या. शाळेची शिस्त, हजेरी, दाखले, सगळं त्यांच्याकडे. गळ्यात साखळीचा चष्मा, टेबलावर गार झालेला चहा. समोर सेलियान, तिच्या बाजूला इस्लांद, भिंतीशी लेइवा सर हाताची घडी घालून. रोसाल्बाबाईंनी सहीचा कागद पुढे सरकवला. सेलियानने पेन उचललं तेवढ्यात दार ढकलून नोल्फामावशी आत आली, एप्रन तसाच, आणि तिने ती तेलकट वही सहीच्या कागदावर ठेवली. गॅसवर मसूर होते. लगेच गेली.

रोसाल्बाबाईंनी एका हाताने वही आणि दुसऱ्या हाताने हजेरीपट उघडला आणि एकेक तारीख लावून पाहिली. बराच वेळ लागला. एकेचाळीसच्या एकेचाळीस दिवशी पोरगी पावणेआठला शाळेत चहा पीत होती. बाई सरांकडे वळून म्हणाल्या की ही समोर बसलेली असताना तुम्ही काय म्हणून ठिपके देत होता? सर म्हणाले, उत्तर देत नाही तो वर्गात नाही, तीस वर्षं मी असंच करत आलोय.

इस्लांद उभी राहिली.

“पटावरची मुलगी गैरहजर आहे, बाई. सर खोटं लिहीत नाहीत. मी हजर आहे.”

रोसाल्बाबाईंनी चष्मा काढला. बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी तोडगा सुचवला: एकेचाळीस ठिपके आजच्या आज पुसते. तू मात्र डिसेंबरात वर्ष संपेपर्यंत पटावर आहे त्या नावाला हजर म्हण. दोन महिन्यांचा प्रश्न. पुढच्या वर्षी नावाचं बघू.

सेलियानने सुटकेचा श्वास टाकला. इस्लांद म्हणाली, नाही.

म्हणजे काय नाही, बाईंनी विचारलं.

ठिपके राहू देत, ती म्हणाली, मी पुन्हा सातवीत बसते. पण नाव आधी.

 मग बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला आणि आपली अडचण दाखवली. फाबिओला हे नावाच्या चौकोनात ढकलता येईल, दोर्सेउस बापाच्या चौकोनात आणता येईल. पण मग आईचा चौकोन रिकामा राहतो, आणि तो रिकामा ठेवला की यंत्र पुढे सरकतच नाही. प्रत्येकाला आई असते, असं बाई काहीशा चिडून म्हणाल्या.

तेव्हा सेलियान बोलली. सात महिन्यांत त्या कचेरीत तिने तोंडातून आवाज काढला नव्हता.

“आई आहे की. ही काय, तुमच्यासमोर बसलीय,” ती म्हणाली, आणि पासपोर्ट काढून उघडा ठेवला. “लिहा. दोर्सेउस.”

बाईंनी वाचलं. सेलियान दोर्सेउस. हैतीत लग्न झालं की नवऱ्याचं आडनाव लावतात. इथे बायको मरेपर्यंत माहेरचंच लावते. त्यामुळे रोसाल्बाबाईंना जे वाटायचं ते वाटलंच. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, दोन्हीकडे एकच आडनाव लिहिलं तर लोक समजतील, तुम्ही नवराबायको चुलत भावंडं आहात.

सेलियानला हे समजायला थोडा वेळ लागला. मग तिने सहीसाठी उचललेलं पेन शांतपणे टोपण लावून टेबलावर ठेवलं. “मामा समजले होते,” ती म्हणाली. “त्यापेक्षा बरं.”

लेइवा सरांच्या मिशा हलल्या. हसले की काय ते कुणाला कळलं नाही. बाईंनी तीन चौकोन भरले. यंत्र पुढे सरकलं, आणि एकेचाळीस ठिपकेही बाईंनी त्याच बैठकीत पुसले.

पुढच्या मंगळवारी पट नवा छापून आला होता. नाव ‘फ’ मधून ‘द’ मध्ये, चार जणांनी वर. सर वाचत आले आणि थांबले. “दोर्सेउस दोर्सेउस.” वर्गात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, सर अडकले. यानारा सवयीने खोकली.

“हजर,” इस्लांद म्हणाली. आणि वर्ग शांत व्हायची वाट बघून पुन्हा म्हणाली, “हजर.” दोन आडनावं, दोन हजेऱ्या. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि पेन, या वेळी निळं, टेकवलं. माफी त्यांनी मागितली नाही. उच्चारही चुकवला होता, तो तिने तिथल्या तिथे दुरुस्त केला. गुरुवारी पुन्हा केला. डिसेंबरपर्यंत तेच चाललं, आणि ती आठवीत गेली तरी सरांना तो उच्चार पूर्ण जमला नव्हता.

निकालाच्या दिवशी विल्नेर अर्धी रजा टाकून आला, हेल्मेट काखेत धरून. फाटकावर एलिसेओकाकांनी कोडं बाजूला ठेवलं, यादी काढली, बोट फिरवलं. एकाच ओळीत दोन दोर्सेउस बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. गजांतून वर बघत त्यांनी विचारलं, यातले तुम्ही कोणते?

“पहिला,” विल्नेर म्हणाला, आणि फाटक उघडायची वाट बघत उभा राहिला.