बाबांच्या कुंडीतला सब्जा

चैत्र लागला की सब्जामावशीच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं उरायची, तापलेली आणि तापणारी. माहेर अंजूरचं, राहायची भिवंडीत आमच्या शेजारच्या खोलीत, एकटी. उन्हाळाभर तिच्या घरातून ताडगोळे, कोकम सरबत, काकडीची कोशिंबीर आणि तिला नाव मिळवून देणारं सब्जाचं दूध निघायचं आणि न विचारता आमच्या घरात शिरायचं. बिल्डिंगमध्ये कुठेही भांडण झालं तरी तिचा निवाडा ठरलेला असे. "कोनाची चूक न्हाय, उष्णता हाय."

तिचा सगळ्यात अवघड पेशंट म्हणजे माझे बाबा. शेजारच्या कारखान्यातले लूम दिवसभर खडखडत, पण बाबा चिडले की त्यांचा आवाज त्याच्याही वर जाई. त्या आवाजापायी माझं जमत आलेलं एक लग्न मोडलं होतं. पाहुणे चहात साखर कमी आहे म्हणाले, एवढंच निमित्त.

दुसरं स्थळ आलं ते भर मे महिन्यातल्या दुपारी. हेही मोडलं तर काय, या धास्तीने मला जेवण गेलं नव्हतं. आई देवापुढे बसली आणि मावशी सब्जा भिजत घालून. "तुझ्या बापसाला मी बगते," ती म्हणाली.

मुलाचे काका टेकता टेकता म्हणाले, "या भिवंडीत माणसं राहतात तरी कशी हो?" बाबांचे कान लाल झाले. मावशीने सब्जा घातलेल्या थंडगार दुधाचा काठोकाठ भरलेला ग्लास बाबांच्या हातात कोंबला. बाबा तो जपून सांभाळत गॅलरीत गेले, रिकामा ग्लास घेऊन परतले आणि चक्क म्हणाले, "होते सवय."

लग्न ठरलं. 'हे लगीन सब्जानं जमवलं' असं मावशी मांडवात येईल त्याला सांगत होती, आणि त्या दुपारपासून बाबांना रोज एक ग्लास आणून देत होती.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी आले, तर गॅलरीतल्या कुंडीत मोगरा दिसेना. सब्जाची रोपं माजली होती. मी हसून हसून बेजार झाले. बाबांच्या घशाखाली एक घोटसुद्धा उतरला नव्हता! मावशीने पाहिलं तर बिचारीला वाईट वाटेल, म्हणून मी रोपं उपटायला बसले.

"उपटू नको गो," मागून तिचाच आवाज आला. "बी धरलंय. याचंच काढून भिजवते मी त्याच्यासाठी."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासून. पोटात गेलंच पायजे आसं कोन म्हनतंय? भरलेला ग्लास हातात आसला का मानूस बोंबलत न्हाय. सांडंल ना!"

बाबांना यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

मावशी गेल्या हिवाळ्यात वारली. या मे महिन्यात मी माहेरी असताना खालच्या टेम्पोवाल्याने जिन्यासमोरच गाडी लावली आणि बाबा तावातावाने उठले. दारापर्यंत जाऊन ते थांबले, स्वयंपाकघरात वळले. तिथे त्यांनी सकाळीच सब्जा भिजत घातला होता. दूध ओतून ग्लास काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी धरून गॅलरीत नेला. कुंडीपाशी जरा वेळ उभे राहिले आणि मग सगळा ग्लास प्यायले.

"चांगलं लागतं की गं," ते म्हणाले. लूमच्या खडखडाटात मला ते जेमतेम ऐकू आलं.