अम्मांचा रिकामा नंबर

किस्से कोणी जमवायला जात नाही. जिथे माणसांना बाकावर बसून वाट पाहावी लागते, तिथे ते आपोआप साठतात, पंख्याच्या पात्यांवर धूळ साठते तसे. मी ज्या दफ्तरात चपराशी होतो तिथे दोनच बाक होते आणि बसणारी माणसं देशोदेशीची. घरी चहा पिताना मी एखादा किस्सा काढला की बायको म्हणायची, "तुमचं सांगून होईपर्यंत दूध उतू जाईल." मी हळू बोलतो, हे खरं आहे. तेव्हा तुम्हीही जरा दमानं ऐका.

दफ्तराचं काम असं, की इंदुरात जे परदेशी लोक कायद्यानं राहायचे त्यांची तिथे नोंद व्हायची. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. तोच नंबर जाडजूड रजिस्टरात आणि तोच त्याच्या परवान्यावर. खोली बदलली, गावाबाहेर जायचं झालं, की येऊन सांगायचं. नंबर चालू आहे तोवर माणूस निर्धास्त.

मी त्याआधी कापडाच्या मिलमध्ये होतो, फोल्डिंग म्हणजे घड्यांच्या खात्यात. मिल बंद पडली. दोन वर्षं इकडे तिकडे काढली आणि मग कोणाच्या तरी ओळखीनं या दफ्तराच्या दारापाशी स्टूल मिळालं.

पहिल्या दिवशी रजिस्टर सांभाळणाऱ्या पुराणिकबाबूंनी नाव विचारलं. मी सवयीनं उभा राहिलो आणि म्हणालो, "नामदेव शेलार, टिकिट नंबर चारशे बारा, फोल्डिंग."

मिलमध्ये असंच सांगायचं असायचं. हजेरी असो, पगार असो, कँटीन असो, नावामागे नंबर. सही केली तरी तिच्यापुढे नंबर लिहायचा, कारण नामदेव शेलार तिथे तिघे होते.

पुराणिकबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "इथे नंबर परदेशी लोकांना असतो. तुम्ही नुसते नामदेवराव."

त्या दिवशी घरी जाताना मला डोक्यावर टोपी नसल्यासारखं वाटत राहिलं.

* * *

त्या काळात एकीकडे मिलच्या चिमण्या थंड होत होत्या आणि दुसरीकडे सांवेर रोडवर नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला. उंच, लाल, घामानं निथळणारा. बरेच महिने राहायचा होता म्हणून नोंदणीला आला. फॉर्मवर वडिलांचं नाव लिहायचं असतं. त्यानं ती जागा मोकळी सोडली. पुराणिकबाबूंनी बोट ठेवून दाखवलं.

जर्मन म्हणाला, की वडील जर्मनीत आहेत, ते इकडे येणार नाहीत.

पुराणिकबाबू म्हणाले, "न आवें, साहब. पर नाम तो उनका भी लगेगा."

शेवटी त्यानं लिहिलं. नंबर मिळाल्यावर त्यानं तो दोनदा मोठ्यानं वाचला आणि परवाना शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वरून थोपटला. आम्ही मिलमध्ये नंबराचा पितळी बिल्ला असाच ठेवायचो. मला तो माणूस एकदम आपल्या खात्यातला वाटला.

* * *

जोसेफ केनियाचा. इथल्या कॉलेजात शिकायला आलेला. स्नेहलतागंजात मुळे काकूंच्या घरी खोली घेऊन राहायचा. तीन वर्षांत अशी इंदुरी हिंदी बोलायला लागला होता, की बाकावर नवा माणूस बसला असला तर तो आवाजाकडे आणि तोंडाकडे आळीपाळीनं बघायचा. मला तो 'नामदेव भिया' म्हणायचा, भिया म्हणजे भैया.

एकदा त्याचा पत्ता तपासायला आमचा पोलीस शिपाई मुळे काकूंकडे गेला. तासाभरानं परत आला आणि कागदावर लिहून दिलं, की या पत्त्यावर कोणी परदेशी राहत नाही.

मोठंच प्रकरण झालं. जोसेफला बोलावलं. तो घाबरून आला, आणि त्याच्या मागोमाग खुद्द मुळे काकू. नऊवारी पदर खोचलेला, हातात छत्री. पुराणिकबाबूंनी विचारलं, की तुम्ही शिपायाला काय सांगितलंत?

काकू म्हणाल्या, "खरं तेच सांगितलं. त्यानं विचारलं, परदेशी राहतो का. म्हटलं, आमच्याकडे कोणी परदेशी-बिरदेशी नाही. मी आहे, हे आहेत, आणि एक जोसेफ आहे."

पुराणिकबाबूंनी तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'राहतो.'

* * *

आता होतचंदजींचं सांगतो. हे सरहद्दीपलीकडच्या सिंधमधून आलेले. बायको, मुलं आणि म्हाताऱ्या अम्मा. घरात पापड लाटायचे आणि दुकानांना द्यायचे. तेही स्नेहलतागंजातच, मुळे काकूंच्या मागच्या गल्लीत. बोलणं आपल्यासारखं, जेवण आपल्यासारखं, पण कागदावर सगळे परदेशी. दर वर्षी परवाना वाढवून घ्यायला यायचे.

अम्मांची भाची मानपुरला दिली होती. तिच्याकडे जायचं तर परवानगी लागायची. मानपूर म्हणजे बसनं जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं, पण अम्मा दर वेळी रीतसर अर्ज द्यायच्या, आणि परत आल्या की घरी जायच्या आधी पिशवीसकट दफ्तरात यायच्या. खिडकीवर हात ठेवून म्हणायच्या, "आ गई. लिख लो."

पुराणिकबाबू म्हणायचे, की अम्मा, एवढ्या घाईनं यायची गरज नाही, उद्या आलात तरी चालेल. अम्मा ऐकायच्या नाहीत. रजिस्टरात लिहून होईपर्यंत उभ्या राहायच्या. मग पिशवीतून मानपुरचे पेरू काढून आम्हाला एकेक द्यायच्या आणि हलक्या पावलानं निघून जायच्या. मी चार वर्षं ते पेरू खाल्ले.

* * *

अम्मा गेल्या. त्याच्या दोनच दिवस आधी होतचंदजींची बहीण कमलाबाई सिंधमधून आली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, तिकडे मागे कोणी उरलं नव्हतं. जे काही होतं ते विकून भावाकडे कायमची राहायला आली. आईला दोन दिवस भेटली, एवढंच.

होतचंदजी मला रस्त्यात भेटले. डोकं भादरलेलं. त्यांनी विचारलं, की अम्मांचा परवाना केव्हा जमा करायचा, आणि कमलाला नंबर घ्यायचा आहे, तिला केव्हा आणू?

आता माझी चूक ऐका. मिलमध्ये माझा चारशे बारा हा माझ्या वडिलांचा नंबर होता. ते रिटायर झाले आणि त्यांचा बिल्ला माझ्या हातात आला. आमच्याकडे सगळ्यांचंच असं होतं. नंबर रिकामा झाला की घरच्या माणसाला. मी होतचंदजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "अम्मांचा नंबर आता रिकामाच आहे. तोच बहिणीला मिळेल. बारावा होऊ द्या, मग दोन्ही कामं एकदम करू."

मी दफ्तरातला माणूस. त्यांनी विश्वास ठेवला.

बाराव्याच्या दिवशी दुपारी पुराणिकबाबूंना चहा देताना मी सहज म्हणालो, की उद्या होतचंदजी येतील, अम्मांचा नंबर बहिणीच्या नावावर करायचा आहे.

पुराणिकबाबूंनी कप खाली ठेवला. "नामदेवराव, नंबर माणसाबरोबर जातो. तो दुसऱ्याला देत नाहीत."

"आमच्या मिलमध्ये..."

"मिल नाही ही." मग त्यांनी विचारलं, की ती बाई आली कोणत्या दिवशी?

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. नव्या माणसानं आल्यापासून ठरलेल्या मुदतीत येऊन नोंद करायची असते. नाही केली तर बेकायदा राहिल्यासारखं होतं आणि परतीचा रस्ता दाखवतात.

"आज शेवटचा दिवस आहे," पुराणिकबाबू म्हणाले. "पाचला साहेब निघतात, आणि त्यांच्या सहीशिवाय नोंद होत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

मी सायकल काढली. पन्नाशी उलटल्यावर मी इतकी जोरात सायकल कधी चालवली नव्हती. होतचंदजींच्या घरी पंगत बसली होती. मी दारात उभा राहिलो, धापा टाकत. एरवीच मी हळू बोलतो, त्यात दम लागलेला. "कमलाबाई..." एवढं म्हणून मी थांबलो. सगळे घास हातात धरून माझ्याकडे पाहत होते. कसंबसं सांगितलं, की चूक माझी आहे, आणि आज पाचच्या आत चला, नाहीतर त्यांना इथे राहता येणार नाही.

होतचंदजींचा चेहरा पांढरा पडला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या बायकोनं मात्र ऐकवलं, "भिया, हम तो आपके भरोसे बैठे थे."

मी मान खाली घातली. कमलाबाई ताटावरून उठल्या, हात धुतले, आत जाऊन एक कापडी पिशवी घेऊन आल्या. कागद, फोटो, सगळं तिच्यात. मला म्हणाल्या, "चलो भिया."

बहीणभाऊ सवारीच्या टेम्पोत बसून पुढे गेले. मी सायकलवर मागून.

मी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. पुराणिकबाबूंनी रजिस्टर उघडून ठेवलं होतं, पेनमध्ये शाई भरून ठेवली होती. साहेबांची जीप बाहेर चालू होती. फॉर्म भरून होत आला आणि एका ओळीवर सगळं अडलं. साक्षीदार. या घराला ओळखणारा इथला माणूस हवा. होतचंदजी भाऊ असले तरी ते स्वतःच परदेशी, त्यांची सही चालत नाही. मुळे काकूंना आणायला वेळ नव्हता.

मी म्हणालो, "मी ओळखतो."

पुराणिकबाबू म्हणाले, "यांना तुम्ही आज पहिल्यांदा पाहिलंत."

"यांना आज. अम्मांना चार वर्षं."

पुराणिकबाबूंनी फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि पेन हातात दिलं. मी सही केली.

त्यांनी कमलाबाईंचा नंबर लिहिला. नवा, कोरा, अम्मांच्या नंबरापासून पुष्कळ लांबचा. तो परवान्यावर चढवला, शिक्का मारला, आणि सगळे कागद घेऊन साहेबांच्या खोलीकडे धावले.

कमलाबाई खिडकीवर हात ठेवून उभ्या होत्या. अगदी त्याच जागी. त्यांनी मला विचारलं, "लिख लिया?"

मी मान हलवली. मग मी स्टुलावर बसलो. होतचंदजी माझ्या शेजारी खाली फरशीवरच बसले. आतून साहेबांचा आवाज येत होता. ते निघायच्या घाईत, उभ्यानंच कागद चाळत होते. मध्येच थांबले.

"पुराणिक, ये गवाह भी विदेशी है क्या? नाम के आगे नंबर डाल रखा है. चार सौ बारह."

"नहीं साहब," पुराणिकबाबू म्हणाले. "मिल का है."

आणि साहेबांच्या सहीचा आवाज बाहेरपर्यंत आला.