पाळीवरचं ओलं वळण

तुमसरहून चिखल्याच्या खाणीकडे पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसांना जीवन आणि चंद्रकुमार ही जोडी ओळखीची होती. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर, दोघांचं काम खाणीत खाली, आणि कितीतरी वर्षं दोघं एकाच मोटारसायकलवर जात. एक आठवडा जीवनची गाडी, दुसरा आठवडा चंद्रकुमारची. मागे बसणाऱ्याने डबे सांभाळायचे आणि पुढच्याला झोप येऊ नये म्हणून बोलत राहायचं, एवढाच करार. चंद्रकुमार बोलका होता. लेकीच्या शाळेपासून गिरणीवाल्याच्या भांडणापर्यंत सगळं तो वाऱ्यावर ओरडून सांगायचा, आणि जीवन हेल्मेटच्या आतून नुसता हुं हुं करायचा.

जीवन तसा कमी बोलणारा आणि कशावरही चटकन विश्वास न टाकणारा. खाणीत माथ्यावरचा दगड सळईने ठोकून पाहिल्याशिवाय तो पुढे पाऊल टाकत नसे. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर मागे. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरी आलेल्या पाहुण्याचं बोलणंही तो तसंच ठोकून बघायचा. त्याची बायको रत्नमाला यावरून त्याला खूप बोलायची.

हिवाळ्यात तर खाणीच्या रस्त्यावर तो मुळीच विश्वास ठेवत नसे. पावसाळ्यात माणूस आपोआप जपून चालवतो. हिवाळ्यात रस्ता कोरडा आहे असं वाटतं आणि तिथेच घात होतो. मळणी झालेल्या धानाचं तणस रस्त्यावर पसरलेलं असतं आणि पहाटेच्या दहिवराने भिजतं. ट्रॅक्टरच्या चाकाने धानाच्या बांधीतली माती डांबरावर येते. आणि खाणीकडून येणाऱ्या ट्रकांतून सांडलेली मँगनीजची काळी भुकटी तर कोरडी असली की नाकात जाते आणि ओली झाली की साबणासारखी होते. धुकं दाट असलं की हे काहीच दिसत नाही. जीवनला मात्र कुठे तणस, कुठे माती, कुठे भुकटी हे पाठ होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर खाणीत एक बातमी फिरली. वरच्या पंपघरातला माणूस निवृत्त होणार होता आणि खालच्या कामगारांपैकी एकाला ती जागा मिळणार होती. वर म्हणजे उजेडात, ऊन अंगावर घेत काम. जीवनचे गुडघे कुरकुरायला लागले होते. त्याने अर्ज दिला. चंद्रकुमारनेही दिला. दोघांनी एकमेकांना सांगितलं, दोघं हसले, आणि त्यानंतर गाडीवर या विषयावर एक अक्षरही निघालं नाही. डॉक्टरच्या तपासणीत जो तंदुरुस्त ठरेल त्याचीच निवड होईल, असं खाणीत म्हणत होते.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी चंद्रकुमारचा फोन आला. उद्या मी येत नाही, काम आहे, तू निघ, एवढंच तो म्हणाला. काय काम ते सांगितलं नाही. एरवी जो माणूस भाजी काय केली तेही सांगायचा, त्याने असं तुटक बोलावं हे जीवनला चमत्कारिक वाटलं. पण तो झोपला.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की गाडीचा उजेड चार हातांवर जाऊन विरत होता. गोबरवाही मागे पडली. पुढे तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, धरून रस्ता वळतो, तिथे जीवनने नेहमीसारखा वेग कमी केला. वळणावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला मात्र, मागचं चाक कुणी ओढून घ्यावं तसं बाजूला गेलं. गाडी आडवी झाली आणि जीवन तिच्यासोबत घसरत पाळीच्या दगडाला जाऊन अडकला.

मागून येणाऱ्या दोघा कामगारांनी त्याला उठवलं. मनगट सुजलं होतं, गुडघा फुटला होता. कपड्यांवर काळा चिकट राडा लागला होता. जीवनने आधी रस्ता पाहिला. वळणापुरता, दोन-तीन घरांसमोर, रस्ता चिंब होता. त्याच्या अलीकडे कोरडा, पलीकडे कोरडा. दहिवर असं ठरावीक जागी पडत नाही, आणि पाऊस तर महिनाभरात पडला नव्हता.

मनगटाला पट्टी बांधून तो दोन दिवस घरी बसला. संध्याकाळी चंद्रकुमार बघायला आला. खुर्चीच्या टोकावर बसला, चहा अर्धा ठेवला. जीवन म्हणाला, गाडी घसरली. तेवढंच. त्यावर चंद्रकुमार पटकन बोलून गेला, "त्या पाळीवरचं वळण वाईटच आहे गा."

तो गेल्यावर जीवनने दार लावलं. मग रत्नमालाला म्हणाला, "मी त्याले वळणाचं नाव तरी सांगितलं का?"

रत्नमाला म्हणाली की खाणीत कुणी सांगितलं असेल. जीवनलाही ते पटण्यासारखं होतं. पण चंद्रकुमारने ते इतक्या घाईने म्हटलं होतं की त्याचा आवाज जीवनला पोकळ लागला.

त्यानंतर एकेक गोष्ट त्याला दिसू लागली. चंद्रकुमारने गाडीवर येणं बंद केलं. थंडी सोसत नाही म्हणून खाजगी जीपने जातो म्हणाला. जीप जीवनच्या गाडीच्या बरीच आधी निघायची. खाणीत खाली उतरताना तो जीवनपासून दूर उभा राहायचा. डबा खायला दुसऱ्या टोळीत बसायचा. आणि वळण रोज ओलं असायचं. जीवन आता तिथे दोन्ही पाय जमिनीला टेकवत, म्हाताऱ्यासारखी गाडी ढकलत जायचा, बुटाखाली करकरायचं ते ट्रकांतून सांडलेले खडे असतील असं धरून, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात एकच हिशेब व्हायचा: माझा पाय मोडला तर जागा कुणाला?

एका दुपारी खाणीतून परतताना त्याने वळणावर थांबून घरांकडे नीट पाहिलं. एका घराच्या पडवीत खाटेवर म्हातारा पडला होता, आणि त्याच्या पायाशी बसलेली बाई त्याने ओळखली. उषाबाई. चंद्रकुमारची सख्खी मावशी. तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नात जीवन स्वतः जेवून आला होता, पण तेव्हा मांडव शाळेजवळ होता आणि घर पाहण्यात आलं नव्हतं; वळणावर त्याचं लक्ष नेहमी रस्त्यावरच असायचं. दाराशी तीन बादल्या उपड्या घातल्या होत्या.

त्या दिवशी जेवताना त्याने हे सांगितलं तेव्हा रत्नमालाने हातातला घास ताटात ठेवला. इतके दिवस ती त्याच्या शंकांना हसत होती. आता म्हणाली, "मंग डोळ्यानं पाहून घ्या एकदा. नाही तर हे तुमाले आतून खाऊन टाकन."

दुसऱ्या दिवशी जीवन नेहमीपेक्षा लवकर निघाला. वळणाच्या बरंच अलीकडे गाडी उभी केली आणि पाळीच्या कडेने चालत जाऊन एका पळसाआड थांबला. बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक ओलं उभं होतं. तलावावरून धुकं रस्त्यावर उतरत होतं. हात गारठले तरी त्याने खिशात घातले नाहीत.

आधी दार वाजलं. उषाबाई बादली घेऊन बाहेर आली आणि तांब्याने रस्त्यावर पाणी मारू लागली. जीवन जागचा हलला नाही. मग तिच्यामागून एक माणूस आला. डोक्याला मफलर, हातात घमेलं. तो वाकून मूठमूठ काहीतरी त्या ओल्या रस्त्यावर फेकत होता. चेहरा दिसण्याची गरजच नव्हती. इतकी वर्षं ज्याच्या पाठीमागे बसून तो खाणीला गेला होता, ती पाठ जीवनला धुक्यातही कळत होती.

तो पळसाआडून निघाला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. चंद्रकुमार त्याला पाहून दचकला. घमेलं हातातून सुटलं. जीवनने बोलण्यासाठी पाऊल पुढे टाकलं, आणि बुटाखाली करकर आवाज झाला. त्याने पाय घासून पाहिला. पाय घसरला नाही. खाली वाकून त्याने मूठ भरली. मुरूम होता. चाळलेला, खरबरीत, लाल मुरूम.

क्षणभर त्याला काही कळेना. 

उषाबाईने त्याला ओळखलं नव्हतं. कुणीतरी ट्रकवाला भांडायला आला असं समजून तीच बोलू लागली. तिच्या नवऱ्याला, वासुदेवरावांना, दम्याचा त्रास होता. दिवस उजाडला की ट्रक सुरू होतात, त्यांच्यावर ताडपत्री नसते, सगळी काळी धूळ पडवीत येते आणि म्हातारा खोकून खोकून निळा पडतो. म्हणून ती पाणी मारते. पाणी मारलं की दुपारपर्यंत धूळ बसून राहते. पुतणे, शेजारी, सगळ्यांना सांगून झालं, ट्रक कुणाचं ऐकत नाहीत. हे सांगत असतानाच आतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि ती बादली तिथेच ठेवून घरात धावली.

दोघेच उरले. जीवनने विचारलं, "पानी माराले तिले कोणं सांगितलं?"

"मी," चंद्रकुमार म्हणाला.

"कधी?"

चंद्रकुमार रस्त्याकडे बघत बोलू लागला. मध्ये थांबत, पण काही न गाळता. जीवनला फोन केला त्या संध्याकाळी वासुदेवरावांचा श्वास फार वाढल्याचा निरोप आला म्हणून तो इथे मुक्कामाला आला होता. पहाटे त्यानेच पहिल्यांदा पाणी मारलं. मावशीला बादल्या उचलवत नव्हत्या. चांगलं भरपूर मारलं. भुकटी अशी घसरडी होते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही, कारण त्या रात्री त्याच्या डोक्यात म्हाताऱ्याच्या श्वासाशिवाय दुसरं काही नव्हतं. हात धुऊन तो आत गेला आणि थोड्या वेळाने बाहेर गाडी पडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर जीवन.

"मंग बाहेर काहून नाही आला?"

"आलो होतो दारापर्यंत. तोवर त्या दोघांनी तुले उठवलं होतं." त्याने ओठ पुसले. "मले वाटलं, तू म्हणशील याने जाणून केलं."

"म्हणलोच असतो."

"हाव. म्हणून नाही आलो."

जीवनला इथेच थांबता आलं असतं. पण ज्या प्रश्नाने त्याची झोप गेली होती तो विचारल्याशिवाय त्याला राहवेना. त्याने चंद्रकुमारच्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, "पंपघराच्या जागेचा विचार आला का तुह्या मनात? खरं सांग."

 घराच्या आत खोकला थांबला होता आणि उषाबाई नवऱ्याला पाणी पाजत असल्याचा आवाज येत होता.

"आला," चंद्रकुमार म्हणाला. "पानी मारताना नाही आला. तू पडल्यावर आला. दारात उभा होतो तवा. तेव्हापासून तुह्यासोबत गाडीवर बसवत नाही मले. रोज जीपमधून इथं उतरतो, मुरूम टाकतो, मंग पायी खाणीवर जातो."

जीवनने मुठीतला मुरूम रस्त्यावर सोडला. तो आपल्या गाडीकडे परत गेला, ती सुरू केली आणि वळणावरून एकटाच निघून गेला. चाक घसरलं नाही.

दिवसभर खाली काम करताना त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्याचा संशय खोटा ठरला होता आणि खराही ठरला होता, आणि यातलं कशाशी भांडावं हे त्याला कळत नव्हतं. घरी आल्यावर त्याने रत्नमालाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की त्या जागेचा विचार मनात आल्याचं तर त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणी बघायला गेलं नव्हतं त्याच्या मनात.

हे जीवनच्या डोक्यात राहिलं.

चार दिवसांनी पाळी सुटल्यावर त्याने मोटारसायकलवाल्या कामगारांना त्या वळणावर थांबवून घेतलं. तीसेक गाड्या झाल्या असतील. त्या त्यांनी रस्त्यावर आडव्या लावल्या आणि येणारे ट्रक अडवले. ड्रायव्हर चिडले, भोंगे वाजवले, मालकाला फोन लावले. उषाबाई पडवीतून सगळं पाहत होती. शेवटी ट्रकमालकाचा माणूस आला आणि जीवनने त्याला म्हाताऱ्याच्या खाटेपर्यंत नेलं, खाटेवरची चादर झटकून दाखवली. उडालेली ती काळी धूळ सगळ्यांनी पाहिली. त्या दिवसापासून ताडपत्र्या लागल्या. सगळ्याच ट्रकांना लागल्या असं नाही, आणि रोज नीट बांधल्या जातात असंही नाही, म्हणून उषाबाई अजून थोडं पाणी मारते. पण पहिल्या पाळीच्या गाड्या गेल्यानंतर.

पंपघराची जागा दोघांनाही मिळाली नाही. तपासणीत जीवनच्या मनगटावर शेरा बसला आणि चंद्रकुमारने आपला अर्ज आधीच मागे घेतला होता. जागा भुपेंद्र नावाच्या एका तरुणाला गेली. त्याची वर कुणाशी तरी ओळख असणार, असं जीवनला वाटतं. रत्नमाला म्हणते, पुरे करा आता.

जानेवारीच्या अखेरीस, एका धुक्याच्या सकाळी, जीवन गाडीवर जीपच्या थांब्यावरून चालला होता. जीप अजून आली नव्हती आणि चंद्रकुमार कान झाकून उभा होता. जीवन पुढे गेला, मग थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "बस."

चंद्रकुमार बसला. दोघांचे डबे त्याने मांडीवर घेतले. गोबरवाहीपर्यंत कुणीच बोललं नाही. मग चंद्रकुमारने लेकीच्या परीक्षेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, हळू आवाजात, ऐकू जाईल न जाईल असं. जीवनने हुं केलं.